रोज पाणी घालूनही झाड मान टाकतंय: उष्णतेच्या लाटेत आधी काय तपासायचं

लक्षणं

यातली एक-दोन तरी तुमच्या कुंड्यांत दिसत असतील:

- सकाळी झाड टवटवीत, दुपारी पानं लोंबलेली, ऊन उतरलं की पुन्हा सावरलेलं.
- भल्या सकाळी पाहिलं तरी झाड मलूलच.
- माती हाताला ओली लागते, पण पानं सुकलेली. खालची पिवळी पडत चाललेली.
- पाणी घातलं की क्षणात तळातून वाहून जातं आणि थोड्या वेळात झाडाची पुन्हा तीच अवस्था.
- पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत.
- फुलं आणि कळ्या गळतात. टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट चट्टा.
- आजूबाजूच्या सगळ्या कुंड्या ठीक, एकच झाड किंवा एकच फांदी सुकलेली.

दर उन्हाळ्याच्या शेवटी ओळखीपाळखीच्या लोकांच्या कुंड्या बघायला मी जाते, आणि दरवेळी वाक्य तेच असतं: "रोज पाणी घालतोय, तरी सुकतंय." त्यावर घरच्या घरी केलेला उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे आणखी पाणी. माझ्या पाहण्यात उन्हानं मेलेल्या झाडांपेक्षा या आणखी पाण्यानं मेलेली झाडं जास्त आहेत. तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून सारखंच दिसतं. म्हणून पाण्याच्या झारीला हात लावण्याआधी तपासणी करा, असं मी कळकळीनं सांगते.

हा त्रास उन्हाळ्याच्या सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त का होतो, तेही लक्षात घ्या. तोपर्यंत झाड वाढलेलं असतं, पानं दुप्पट झालेली असतात, पण कुंडी तेवढीच राहते. मुळांनी माती व्यापलेली असते. मातीतला कुजका पालापाचोळा विरून ती खाली बसलेली असते आणि महिनोन्‌महिने घातलेल्या खतांचे क्षार साठलेले असतात. सुरुवातीला पुरलेलं वेळापत्रक तेव्हा अपुरं पडतं.

तपासणीचा क्रम फुकटच्या आणि सोप्या गोष्टींपासून सुरू केला आहे. मधली पायरी गाळून थेट कुंडी उपटायला जाऊ नका.

१. उद्या सकाळपर्यंत थांबा

दुपारी झाडाचं परीक्षण करू नये. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन निघून जातं, आणि त्यातूनच पान स्वतःला थंड ठेवतं. कडक उन्हात, कोरड्या वाऱ्यात हा खर्च इतका वाढतो की माती ओली असूनही मुळांचा पुरवठा मागे पडतो. पेशींतला पाण्याचा दाब कमी होतो आणि पान लोंबतं. लोंबलेल्या पानावर ऊनही कमी पडतं, त्यामुळे खर्चाला आपोआप आळा बसतो. भोपळा, काकडी, दोडका अशी मोठ्या पानांची झाडं हे रोज करतात.

सूर्योदयाच्या सुमारास जाऊन पाहा. झाड ताठ असेल तर बिघाड नाही. दुपारची सावली वाढवा (पायरी ६) आणि पाणी वाढवू नका. सकाळीही मलूल असेल, तर रात्रभर मिळालेल्या वेळातही झाडाला भरपाई करता आलेली नाही. मग पुढे चला.

२. बोट, काडी आणि कुंडीचं वजन

वरची माती कोरडी दिसण्याला या दिवसांत काहीच अर्थ नाही. ऊन लागलं की वरचा पेरभर थर तासा-दोन तासांत सुकतोच. बोट दोन पेरं आत घाला. मोठ्या कुंडीत लांब लाकडी काडी तळापर्यंत खुपसा, मिनिटभर ठेवा आणि बाहेर काढून पाहा. माती चिकटून आली किंवा काडी गडद झाली तर खाली ओल आहे.

लहान आणि मध्यम कुंड्यांसाठी मला सगळ्यात खात्रीचा वाटतो तो उपाय म्हणजे कुंडी उचलून पाहणं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे भिजलेली आणि सुकलेली कुंडी यांतला फरक हाताला लगेच कळतो. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर एकदा उचला, ते वजन हातात बसवा. चार-आठ दिवसांत तुम्हाला बोट घालायचीही गरज उरत नाही.

या पायरीवर वाट दुभंगते. आत कोरडं असेल तर पायरी ३. आत ओलं असेल आणि तरी झाड सकाळी मलूल असेल, तर पाणी ताबडतोब थांबवा आणि पायरी ४ वर जा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात, शोषण बंद पडतं आणि झाड पाण्यात उभं राहून सुकतं. अशा झाडाला आणखी पाणी घालणं म्हणजे उरलेली मुळंही घालवणं.

३. घातलेलं पाणी जातं कुठे?

सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एकदा पुरती वाळलेली माती पाणी घेत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पालापाचोळ्याचं खत जास्त असलेल्या मिश्रणात तर हे हमखास होतं. वाळल्यावर त्याच्या कणांवरून पाणी ओघळून जातं, आत मुरत नाही. शिवाय माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि तिथे बोटभर फट पडते. तुम्ही झारीभर पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, तळातून बाहेर येतं, आणि तुम्हाला वाटतं झाडाचं पोट भरलं. मधला मुळांचा गोळा खडखडीत कोरडाच राहतो. "तळातून पाणी येईपर्यंत घाला" हा सल्ला एरवी बरोबर आहे, पण या अवस्थेत तोच फसवतो.

खूण सोपी आहे. पाणी घातल्यावर काही क्षणांतच तळातून वाहू लागलं आणि कुंडीचं वजन फारसं वाढलं नाही, तर पाणी मुरलेलं नाही.

उचलता येईल अशी कुंडी बादलीत किंवा टबमध्ये ठेवा आणि मातीच्या पातळीपर्यंत पाणी भरा. बुडबुडे येऊ लागतील. ते थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, ठेवा आणि मग सावलीत पूर्ण निथळू द्या. रात्रभर बुडवून ठेवू नका. मोठी कुंडी जागेवरच भिजवायची असेल तर आधी कडेची फट माती दाबून बुजवा, खुरप्याच्या टोकानं किंवा काडीनं वरचा थर हलका मोकळा करा, थोडं पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा थोडं घाला. असं तीन-चार वेळा केलं की माती पाणी धरू लागते. त्यानंतर ती पुन्हा तितकी वाळू द्यायची नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मातीवर वाळलेली पानं, गवत किंवा सालपटांचं ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचं आच्छादन घाला. खोडापासून मात्र ते दोन-तीन बोटं लांब ठेवा, कारण खोडाला सतत ओल लागली की ते कुजतं. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट मला हीच वाटते.

४. तळाचं भोक आणि खालची थाळी

ओली माती आणि मलूल झाड असेल तर कुंडी तिरकी करून खाली पाहा. भोक मुळांनी बुजलेलं असतं, किंवा आत ठेवलेली खापरी त्यावर घट्ट बसलेली असते, किंवा कुंडी फरशीला इतकी चिकटून असते की पाण्याला वाटच नसते. काडीनं भोक मोकळं करा, कुंडी विटांच्या तुकड्यांवर टेकवा, थाळीतलं साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या.

तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो असं अनेकजण सांगतात. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच साचून राहतं, आणि मुळांना मिळणारी जागाही तेवढी कमी होते. भोक चांगलं असेल तर खडीची गरज नाही.

५. पाणी कधी, आणि किती गरम

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्या, म्हणजे ऊन चढण्याआधी झाड भरलेलं असतं. पण दुपारी एखादी कुंडी आतपर्यंत कोरडी सापडली तर संध्याकाळची वाट पाहू नका, तेव्हाच मातीत पाणी द्या. पानांवर पडलेले थेंब भिंगासारखं काम करून पान जाळतात, ही भीती गुळगुळीत पानांच्या बाबतीत खरी नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोग करून हे दाखवलं. दाट लव असलेल्या पानांवर मात्र थेंब पानापासून वर उचललेला राहतो, तिथे करपण्याची शक्यता असते. पाणी मुळाशीच दिलंत तर हा प्रश्नच येत नाही.

खरा धोका नळीतला आहे. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. ते बादलीत सोडा आणि थंड पाणी येऊ लागल्यावरच कुंडीकडे वळा. छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी असंच तापतं, त्यामुळे तिथून पाणी येत असेल तर सकाळचीच वेळ धरा.

६. कुंडीच्या अंगाला हात लावून पाहा

दुपारी तीन-चारच्या सुमारास कुंडीच्या पश्चिमेकडच्या बाजूला तळहात टेकवा. हात ठेववत नसेल तर आतली मुळंही तेच सोसत आहेत. मातीचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की बहुतेक झाडांची मुळं नीट काम करत नाहीत, आणि काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाकडची माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. अशा वेळी माती ओली असून उपयोग नसतो. कुंडीतून काढलेल्या झाडाची एकाच बाजूची मुळं तपकिरी आणि मेलेली दिसली, तर कारण बहुधा हेच असतं.

कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे फक्त कडेच्या कुंड्यांना ऊन लागेल. मोठ्या झाडांच्या सावलीत लहान ठेवा. कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळलेली पानं भरा, किंवा बाहेरून फिकट रंगाचं कापड, गोणपाट गुंडाळा. तापलेल्या फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवली तरी फरक पडतो. शेडनेट लावायची असेल तर ३५ ते ५० टक्के सावलीची पुरते. ती झाडांवर थेट टाकू नका, वर हवा खेळायला जागा ठेवून ताणा.

फुलगळीबद्दल इथेच सांगते. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. यावर खत नाही, औषध नाही. लाट ओसरली की पुन्हा धरू लागतं. बुडाशी पडणारा काळा चट्टा हा रोग नाही. पाणी कधी खूप, कधी काहीच नाही, असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि तिथली पेशी मरते. ओल एकसारखी ठेवा, पुढची फळं नीट येतात.

७. ठिबक असेल तर मोजून पाहा

टायमरवर विश्वास ठेवून लोक निर्धास्त असतात. ड्रिपरखाली, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीखाली, मोजपात्र धरा. ताशी २ लिटरचा ड्रिपर ६ मिनिटांत २०० मिलिलिटर देतो. तुमचा त्याच्या निम्माही देत नसेल तर आधी फिल्टर उघडून धुवा, मग ड्रिपर पाहा. त्यावर पांढरा थर असेल तर तो व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यावर सुटतो. ओळीतला पहिला आणि शेवटचा, दोन्ही मोजा. शेवटच्याला कमी येत असेल तर दाब पुरत नाही किंवा मध्ये कुठे गळती आहे. टायमरच्या बॅटरीही बदलून घ्या.

८. पानाखाली नजर टाका

उष्ण, कोरड्या हवेत लाल कोळी ही पानाचा रस शोषणारी बारीक कीड झपाट्यानं वाढते. पानावर बारीक पांढुरके ठिपके, खाली तलम जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. पानांची खालची बाजू दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतली तर सुरुवातीचा प्रादुर्भाव आटोक्यात येतो. भर उन्हात कुठलंही तेल किंवा साबणाचं द्रावण फवारू नका, पानं करपतात.

९. करपलेल्या कडा आणि पांढरा थर

मातीवर किंवा कुंडीच्या कडेवर पांढरी खरपुडी दिसत असेल तर क्षार साठले आहेत. क्षार जास्त झाले की मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही. खरपुडी खरवडून काढा, निचरा चांगला आहे याची खात्री करा आणि सकाळी कुंडीच्या आकारमानाच्या साधारण दुप्पट पाणी हळूहळू त्यातून जाऊ द्या. निचरा खराब असेल तर हे करूच नका, आधी पायरी ४.

उष्णतेच्या लाटेत खत द्यायचं नाही. "अशक्त झालंय, जरा ताकद देऊ" म्हणून दिलेलं रासायनिक खत क्षारच वाढवतं. करपलेली पानंही लगेच छाटू नका. अर्धं हिरवं पान अजून काम करत असतं आणि त्याच्या खालच्या फांदीला सावली देतं.

१०. मुळं पाहणं

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच हे करा, आणि संध्याकाळी, सावलीत. झाड कुंडीतून हलक्या हातानं सोडवा. पांढरी किंवा फिकट, टणक मुळं म्हणजे निरोगी. तपकिरी, मऊ, कुबट वासाची मुळं, आणि चिमटीत ओढल्यावर वरचं आवरण निघून आत दोऱ्यासारखा धागा उरत असेल, तर मूळकूज. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीनं कापा, नव्या मोकळ्या मातीत लावा, सावलीत ठेवा आणि पाणी बेतानं द्या. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर झाड वाचण्याची शक्यता कमी असते. फांद्या निरोगी असतील तर त्यांची कलमं करून ठेवा.

मुळं निरोगी आहेत पण कुंडीत गोल गोल फिरून घट्ट झाली आहेत, तर आत्ता मोठ्या कुंडीत हलवायची घाई नको. तसंच परत ठेवा, दिवसातून दोनदा पाणी द्या आणि लाट ओसरल्यावर कुंडी बदला. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी). ती माती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही.

११. एकच झाड, एकाएकी

टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी एखादं झाड हिरवं असतानाच दोन-तीन दिवसांत कोसळलं तर खोड जमिनीलगत कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं कापलेलं टोक बुडवून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूंमुळे झाड सुकवणारा रोग. खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा असतील आणि धागे नसतील तर बुरशीजन्य मर असू शकते. दोन्हींवर घरगुती इलाज नाही. झाड मातीसकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, कात्री आणि हात धुवा.

थांबा आणि जाणकाराला बोलवा

मर रोग एकाहून जास्त झाडांत दिसला, तर स्वतः औषधांचे प्रयोग न करता नमुना घेऊन कृषी तज्ज्ञाकडे किंवा रोपांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत जा. क्षार धुऊनही कडा करपत राहिल्या तर माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या.

जमिनीतलं मोठं झाड भर हंगामात एका बाजूनं वाळत असेल, खोडाला भेग किंवा पोकळी दिसत असेल किंवा बुंध्याशी भूछत्रं उगवली असतील, तर शिडी लावून फांद्या तोडायला जाऊ नका. ते काम प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाचं आहे. सुकलेली फांदी इशारा न देता पडते, तोवर त्याखाली कुणाला बसू देऊ नका.

ठिबकचा दाब फिल्टर धुऊनही येत नसेल किंवा भिंतीत ओल दिसत असेल तर प्लंबर. पंपाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पंपाच्या आसपास पाणी घालू नका. गच्चीवरच्या कुंड्यांखाली छताला ओल किंवा तडा असेल तर कुंड्या हलवून बांधकामाच्या जाणकाराला दाखवा.

आणि ही सगळी तपासणी करताना स्वतःकडे लक्ष ठेवा. अकरा ते चार बाहेर काम नको. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायात गोळे आले की काम सोडा, सावलीत जा, घोट घोट पाणी प्या. कुणी असंबद्ध बोलू लागलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

झाडांच्या जाणकाराला बोलावताना एवढं तयार ठेवा: सकाळचा आणि दुपारचा असे झाडाचे दोन फोटो, दोन पेरं खोल माती कोरडी की ओली, शेवटचं खत कधी आणि कोणतं, कुंडी कधी बदलली, आणि गेल्या आठवड्यात जागा बदलली का. एवढं कळलं तर बरंचसं निदान फोनवरच होतं.